नाकापेक्षा मोती जड

पडसे हा मोठा चमत्कारिक आजार आहे. ज्याला होतो तो हैराण होतो आणि बाकीच्यांना हसू येते. औषध घेतले तर सात दिवसांत बरे होते, न घेतले तर आठवडा लागतो, ही थट्टा घरोघरी चालते. पण रात्री दोन वाजता दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, की थट्टा करणाराही गोळ्यांची डबी शोधू लागतो.

ही डबी अमेरिकेत कशी मिळते ते ऐका. लेकीकडे किंवा मुलाकडे चार महिने राहायला गेलेली आपली मंडळी तिथल्या औषधांच्या दुकानात बुचकळ्यात पडतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या फळीवर मांडलेल्या. उचलाव्यात आणि पैसे द्यावेत. पण गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल, तर ती काउंटरच्या आड! बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. मात्र छायाचित्राचे ओळखपत्र दाखवायचे, नाव-पत्ता नोंदवून सही करायची. दिवसाला ३.६ ग्रॅम आणि तीस दिवसांत ९ ग्रॅम, यापुढे खरेदी नाही. ती नोंद दुकानदाराने दोन वर्षे जपायची.

साध्या पडशासाठी एवढा बंदोबस्त का? तर याच गोळ्यांपासून मेथाम्फेटामिन हे घातक मादक द्रव्य चोरून बनवले जाई. त्याला आळा घालण्यासाठी २००६ च्या मार्चमध्ये हा कायदा झाला. ऑरेगॉन राज्याने तर त्याच वर्षी चिठ्ठीचीच सक्ती केली. ती २०२२ उजाडताना उठली. घरगुती भट्ट्या कमी झाल्या, हे खरे. पण ते द्रव्य मेक्सिकोतून, निराळ्या कृतीने बनून येतच राहिले.

खरी गंमत पुढेच आहे. फळीवरची जागा जाऊ नये म्हणून कंपन्यांनी कित्येक गोळ्यांत फेनिलएफ्रिन घातले. त्याला ना ओळखपत्र, ना सही. पण हे औषध गिळले, की त्याचा बराचसा भाग आतड्यांत आणि यकृतातच खर्ची पडतो. नाकापर्यंत पोचते ते नाममात्र. २०२३ च्या सप्टेंबरात तिथल्या औषध नियामकांच्या तज्ज्ञ समितीच्या सोळाही सभासदांनी सांगितले, की नेहमीच्या मात्रेत पोटात घेतलेले फेनिलएफ्रिन चोंदलेले नाक मोकळे करीत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ते वगळण्याचा प्रस्ताव निघाला. म्हणजे इतकी वर्षे गुणाचे औषध आड आणि बिनगुणाचे समोर!

नियम वाईट नव्हता. पण एक दार बंद करताना लोक कोणत्या दाराने जातील, हे पाहणेही नियम करणाऱ्यांचेच काम असते. ते वेळीच झाले नाही, आणि भुर्दंड पडला तो पडशाने बेजार झालेल्या साध्या गिऱ्हाइकाला.

वाचकहो, आपल्याकडच्याही सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलएफ्रिन असते. त्यांतल्या इतर औषधांनी ताप उतरेल, अंग हलके होईल. नाकाचे श्रेय मात्र त्याला देऊ नका. व्याकरणाच्या मास्तराने सांगावे ते एवढेच : वेष्टनावरची ठळक अक्षरे म्हणजे विशेषणे, नाम बारीक अक्षरांत असते. ते वाचा, न समजले तर औषधविक्रेत्याला विचारा. रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाक मोकळे करणारी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

नाकापेक्षा मोती जड झाला तर एक वेळ सोसता येईल. पण तो खोटा तरी नसावा!