चित्राखालची सही

चित्रकथा वाचीत बसलेला मुलगा दिसला, की पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही नाराजी मला न्याय्य वाटत नाही. चार चौकटींत एक प्रसंग उभा करावयाचा, पात्रांच्या तोंडी मोजकेच शब्द घालावयाचे आणि शेवटी वाचकास हसवावयाचे किंवा विचारात पाडावयाचे, ही काही सोपी विद्या नव्हे. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि मराठी घरांतलाच एक झाला, तो या विद्येच्या बळावर. तेव्हा चित्रकथा वाचावी की नाही, हा प्रश्नच नव्हे. वाचून झाल्यावर आपण तिचे काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वी चित्रकाराला वृत्तपत्राचे वा प्रकाशकाचे दार ठोठवावे लागे. आता तो आपली कथा स्वतःच इंटरनेटवर प्रसिद्ध करू शकतो. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिक्षणाने दंतवैद्य. परंतु वन्यजीवांच्या ओढीने त्यांनी २०१० साली ‘ग्रीन ह्यूमर’ ही चित्रमाला आरंभिली. वाघ, बेडूक, पाखरे यांच्या तोंडून ते हसत हसत निसर्गरक्षणाचा विचार सांगतात. २०१३ साली अमेरिकेतील युनिव्हर्सल यूक्लिक या संस्थेने ही माला आपल्या ‘गोकॉमिक्स’ या संकेतस्थळासाठी स्वीकारली; पुढे तिची पुस्तकेही निघाली. दक्षिण कोरियात तर नेव्हर या कंपनीने २००४ सालीच अशा कथांसाठी स्वतंत्र व्यासपीठ उघडले. फोनच्या पडद्यावर वरून खाली सरकत जाणाऱ्या या कथा ‘वेबटून’ या नावाने आज जगभर वाचल्या जातात.

परंतु दार उघडे झाले म्हणजे घरात धान्य आले, असे नव्हे. वाचक बहुधा फुकटच वाचतो. चित्रकाराच्या हाती येतो तो जाहिरातींतील वाटा, काही प्रकरणांचे वाचकांनी दिलेले मोल किंवा पुस्तकांची विक्री. आणि व्यासपीठाचे नियम तर कंपनीच ठरविते. अशा स्थितीत चित्राच्या कोपऱ्यातील लहानशी सही हीच त्याच्या दुकानाची पाटी होय. ती वाचूनच नवा वाचक त्याच्यापर्यंत पोहोचतो.

आणि नेमकी तीच आपण उतरवितो! चित्र आवडले, की कडा कापून, सही वगळून ते व्हॉट्सॲपवर दहा जणांस धाडावयाचे, ही आता घरोघरची रीत झाली आहे. ‘यात त्याचे काय बिघडले? उलट प्रसिद्धीच झाली,’ असे कोणी म्हणेल. पण ज्या प्रसिद्धीत नावच नाही, ती कोणाची प्रसिद्धी? आपल्या देशाचा १९५७ सालचा कॉपीराइट कायदाही हेच मानतो. हक्क दुसऱ्यास विकून टाकल्यावरही ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्या ५७ व्या कलमाने राखून ठेवला आहे.

सुरतकरांना तर हे फोड करून सांगावयास नको. साडीची नवी नक्षी बसविण्यात कारागिराचे दिवसच्या दिवस जातात. ती बाजारात आली, की नक्कल निघावयास मात्र वेळ लागत नाही. ज्यांच्या घरची माणसे कापडाच्या धंद्यात आहेत, त्यांनी त्यांना विचारून पाहावे. नक्षी चोरीस गेली म्हणजे आपण हळहळतो. मग चित्राच्या बाबतीत तोच न्याय का लावू नये?

विद्यार्थिमित्रहो, यासाठी पैसा लागत नाही. चित्र आवडले, तर आधी कर्त्याचे नाव शोधावे. दुसऱ्यास पाठवावयाचे झाल्यास मूळ ठिकाणाचा दुवा पाठवावा. निदान सहीसकट पूर्ण चित्र पाठवावे. नाव सापडत नसेल, तर ते पुढे न धाडण्याचा संयम राखावा. आणि साधेल तेव्हा त्या चित्रकाराचे एखादे पुस्तक वाचनालयास मागावयास लावावे.

तुमच्यापैकी पुष्कळ जण वहीच्या मागच्या पानावर झकास चित्रे काढतात, हे शिक्षकांपासून लपलेले नाही. त्यांतील कोणी उद्या मराठीत चित्रकथा काढील. त्या दिवशी आपले नाव चित्राखाली राहावे असे त्यास वाटेलच. ते राहावे अशी इच्छा असेल, तर दुसऱ्याचे नाव राखण्याची सवय आजच लावून घ्यावी.