विनामूल्य शिक्षणसाहित्य : किंमत कोण मोजतो?

शिक्षणसाहित्याचा तुटवडा ही आपल्या शाळांची फार जुनी व्यथा आहे. एक फळा, खडूचे तुकडे, भिंतीवरचा विटलेला नकाशा आणि सरकारी पाठ्यपुस्तक एवढ्याच शिदोरीवर महाराष्ट्रातील शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी आपली सेवा पार पाडली. केंद्र सरकारने १९८७ मध्ये हाती घेतलेली मोहीम 'खडू-फळा' याच नावाने ओळखली गेली, यातच त्या दारिद्र्याची कबुली होती. पुढे सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाकाठी ५०० रुपये देण्याची तरतूद झाली. खेड्यातील शाळेला तेवढाही आधार मोलाचा होता.

आज हे चित्र वरवर पाहता पार पालटले आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचावर पाठांना जोडलेल्या चित्रफिती आणि स्वाध्याय आहेत. पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर संकेतावर मोबाइल धरला की ते समोर येतात. मराठी विश्वकोशाचे खंड घरबसल्या वाचता येतात. परदेशांतील विद्यापीठांनीही आपली भांडारे खुली केली आहेत. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेने आपले अभ्याससाहित्य जगाला मोफत देण्याची घोषणा २००१ मध्ये केली आणि दुसऱ्याच वर्षी युनेस्कोच्या व्यासपीठावर 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा रूढ झाली. टंचाईची जागा अशी सुकाळाने घेतली असेल, तर त्या सुकाळाचे प्रतिबिंब प्रत्येक वर्गात सारखेच का पडत नाही, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. पहिले असे की, खेड्यापाड्यांत अद्याप इंटरनेट नाही. त्यात तथ्य आहेच. केंद्र सरकारच्याच 'यूडायस प्लस' अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे ५४ टक्के शाळांतच इंटरनेटची सोय होती. दुसरे उत्तर असे की, शिक्षकांनाच उत्साह नाही. पहिले उत्तर अपुरे आहे, तर दुसरे अन्यायाचे आहे. इंटरनेट पोचलेल्या शाळांतही हे साहित्य आपोआप फळ्यापर्यंत पोचत नाही आणि उत्साही शिक्षकही काही महिन्यांत थकतो. याचे कारण शिक्षकाच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्याच्या वेळेच्या हिशेबात शोधणे अधिक उचित ठरेल.

शून्य किंमत म्हणजे शून्य खर्च नव्हे

अर्थशास्त्राच्या दृष्टीने चित्रफीत किंवा पाठाची टिपणे ही एक विशेष प्रकारची वस्तू आहे. ती एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. आणखी एका शाळेला ती पुरविण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूला किंमत न लावणे हेच समाजाच्या हिताचे, असे शास्त्रही सांगते. परंतु वस्तू फुकट असली तरी ती शोधणे फुकट नसते. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच दाखवून दिले होते की, माहिती मिळविण्याला स्वतंत्र खर्च पडतो आणि शोध कोठे थांबवायचा हे माणूस त्या खर्चाकडे पाहूनच ठरवितो. स्टिगलर बाजारातील किमतींविषयी बोलत होते. पण पाचवीच्या अपूर्णांकांसाठी चांगले साहित्य धुंडाळणाऱ्या शिक्षकालाही तोच नियम लागू पडतो.

हा खर्च किती, याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास धरले असून त्यांत तयारीचा वेळही आला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहा दिवसांच्या आठवड्यात दिवसाला साडेसात तास होतात. त्यातून अध्यापनाचे चार वजा केले की साडेतीन उरतात. आता दिवसाच्या पाच पाठांपैकी प्रत्येकासाठी साहित्य शोधणे, ते पूर्ण पाहणे आणि इयत्तेला साजेल असे करणे यासाठी केवळ अर्धा तास धरला, तरी अडीच तास तेथेच संपतात. बाकी राहिलेल्या एका तासात वह्या तपासायच्या, शालेय पोषण आहाराचा हिशेब लिहायचा, वरून मागविलेली माहिती भरायची आणि पालकांशीही बोलायचे. द्विशिक्षकी शाळेत, जेथे एकच शिक्षक एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो, तेथे हा तासही कागदावरच राहतो.

म्हणजे सरकारने किंमत शून्य ठेवली. पण शोधाचा, पारखण्याचा आणि जुळवून घेण्याचा सारा खर्च शिक्षकाच्या माथी मारला. हा खर्च सर्व शाळांना सारखा पडत नाही, ही त्याहून गंभीर बाब आहे. शहरातील सधन शाळेत विषयवार शिक्षक असतात, संगणक सांभाळणारा माणूस असतो आणि घरी मदत करणारे शिकलेले पालकही असतात. डोंगरातील वस्तीशाळेत यांपैकी काहीच नसते. साहजिकच जे साहित्य सर्वांसाठी खुले आहे, त्याचा लाभ आधीच पुढे असलेल्यांनाच अधिक मिळतो. विषमता कमी करण्यासाठी वाटलेली वस्तू विषमता वाढवू शकते, हा यातील विरोधाभास आहे.

विषयागणिक वेगळा शोध

हा शोध प्रत्येक विषयात वेगळा असतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. भाषेच्या शिक्षकाला जुने वाङ्मय मुबलक उपलब्ध आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील स्वामित्वहक्क संपतो. महात्मा फुले, केशवसुत, हरि नारायण आपटे यांचे लेखन कधीच खुले झाले. १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखनही २०११ पासून सर्वांचे झाले आहे. लहान मुलांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर' या उपक्रमात मराठी गोष्टीही मुक्त परवान्याखाली मिळतात.

भूगोलाच्या शिक्षकासाठी खरा खजिना भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आहे. १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे २०१७ पासून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. आपल्या गावचा ओढा, टेकडी आणि पाणंद त्यावर शोधताना समोच्च रेषा म्हणजे काय, हे मुलाला जितके उमगेल तितके पुस्तकातील काल्पनिक आकृतीवरून उमगणार नाही. अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्राच्या बाबतीत तर साधनांची वाणच नाही. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय लोकसंख्या, साक्षरता आणि सोयींचे आकडे आहेत. राज्य शासनाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी खुली होते. इतिहासाच्या शिक्षकाला जिल्हा गॅझेटिअर आहेत. गणितासाठी 'जिओजेब्रा' आहे. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाची आभासी प्रात्यक्षिके आहेत व त्यांतील अनेक मराठीतही आहेत. शिवाय पुण्याच्या आयुका संस्थेत दीर्घकाळ काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून बनविलेली वैज्ञानिक खेळणी आणि हजारो पुस्तके सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत.

ही यादी वाचताना मन सुखावते. तथापि यांतील बहुतेक साधने आहेत तशी वर्गात नेता येत नाहीत. स्थलदर्शक नकाशातून आपला परिसर वेगळा काढावा लागतो. जनगणनेच्या शंभर रकान्यांतून आठवीच्या मुलाला झेपतील असे चार निवडावे लागतात. जुन्या गद्यातील शब्दांना टिपा द्याव्या लागतात. कच्चा माल विपुल आहे. शिजवण्याचे काम मात्र बाकी आहे आणि ते कोणाचे, हे कोठेच लिहिलेले नाही.

विनामूल्य आणि मुक्त

येथे आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जे फुकट पाहता येते ते बदलता येतेच असे नाही. बालभारतीचे पुस्तक विनामूल्य उतरवून घेता येते. परंतु त्याचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव असून त्यातील भाग उद्धृत करण्यास लेखी परवानगी लागते, असे त्यातच छापलेले असते. शिक्षकाला वर्गापुरते संरक्षण आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना हक्कभंग मानत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात या कलमाचा उदार अर्थ लावला. परंतु एखाद्या शिक्षिकेने पुस्तकातील पाठ कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने रचला आणि तो तालुक्यातील सर्व शाळांना उघडपणे द्यावा असे तिला वाटले, तर वर्गाबाहेर पडलेल्या त्या पानांना तेच संरक्षण मिळेल याची खात्री तिला कोण देणार? जे साहित्य करदात्यांच्या पैशातून निर्माण झाले, ते जुळवून घेण्याची व पुन्हा वाटण्याची मोकळीक निःसंदिग्ध शब्दांत मिळायला हवी. युनेस्कोने २०१९ मध्ये सदस्य राष्ट्रांना केलेल्या शिफारशीचा गाभा हाच आहे.

खाजगी कंपन्यांच्या 'मोफत' साहित्याविषयी मात्र सावध राहणे इष्ट. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा शिकवणीच्या व्यवसायातील कित्येक कंपन्यांनी आपली दारे काही काळ खुली केली. काही काळ मोफत देऊन सवय लावणे हा व्यापारातला जुना डाव आहे. त्यात बेकायदा काही नाही. परंतु मुलांची माहिती आणि पालकांचे मोबाइल क्रमांक हीच तेथे किंमत असते, याची जाण मुख्याध्यापकांनी ठेवली पाहिजे.

केंद्रशाळेचा मार्ग

मग उपाय कोणता? आणखी एक संकेतस्थळ उघडणे हा उपाय नव्हे. त्याने शोधाचा ढीग तेवढा वाढेल. उपाय आहे तो निवडीचे काम वाटून घेण्याचा, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुखाचे पद आहे आणि केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरविण्याची पद्धतही आहे. समजा, एका केंद्रात तिसरीला शिकविणारे वीस शिक्षक आहेत. प्रत्येकाने एकाच घटकासाठी अर्धा तास शोध घेतला तर दहा तास खर्ची पडतात. तेच काम एका शिक्षकाने दोन तास देऊन नीट केले, वर्गात वापरून पाहिले आणि साहित्य कोठे आहे, किती मिनिटांचे आहे, मुले कोठे अडली, हे एका पानावर लिहून दिले, तर आठ तास वाचतात आणि निवडही अधिक पारखलेली होते. पुढच्या घटकाचे काम दुसऱ्याने घ्यावे. वर्षअखेरीस त्या केंद्राजवळ स्वतःची अशी पारखलेली वही तयार होईल.

ही कल्पना केवळ कागदी नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पोचला. त्याची प्रयोगसामग्री स्वस्त होती, हे सर्वांना ठाऊक असते. त्या स्वस्त सामग्रीला जीव देणाऱ्या शिक्षकांच्या मासिक बैठकांचा मात्र सहसा विसर पडतो. एका गावात फसलेला प्रयोग दुसऱ्या गावचे शिक्षक तेथे सुधारून घेत. २००२ मध्ये त्या राज्याच्या सरकारने कार्यक्रम बंद केला. सामान उरले असेलही. ते जिवंत ठेवणारी रचना मात्र मोडली.

या मार्गात दोन धोके आहेत. पहिला असा की, निवडीची यादी हा हुकूम ठरेल. केंद्राने शिफारस करावी, सक्ती करू नये; ज्याला वेगळी वाट चोखाळायची असेल त्याला ती मोकळी असावी. दुसरा धोका अधिक परिचयाचा आहे. चांगल्या कल्पनेचे परिपत्रक निघते, परिपत्रकाचा तक्ता होतो आणि तक्ता भरणे हेच काम होऊन बसते. म्हणून निवडीसाठी दिलेले तास त्या ४५ तासांत अधिकृतपणे धरले जावेत आणि तितक्या वेळापुरती अन्य कारकुनी कमी व्हावी. शिक्षकाचा वेळ फुकट आहे असे गृहीत धरून आखलेली कोणतीही योजना अखेर त्याच्या निष्ठेवर चालते, आणि निष्ठा ही गुणवंतांची शोभा असली तरी राज्याचे धोरण होऊ शकत नाही. ज्या शाळांत अद्याप इंटरनेट नाही, तेथे निवडलेले साहित्य छापून किंवा स्मृतिपट्टीवर भरून पोचविण्याचा खर्चही शासनानेच सोसला पाहिजे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पटाप्रमाणे एकत्रित अनुदानाची तरतूद आहे. तिच्या आकड्यांत या खर्चाला वेगळे स्थान देता येईल.

विनामूल्य साहित्य निर्माण करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे आणि त्यांच्या औदार्याला खोट नाही. परंतु दाणे पुष्कळ पडले म्हणून पीक येत नाही. त्यासाठी कोणीतरी जमीन नांगरावी लागते. ती मेहनत आज हजारो शिक्षक एकएकटे, रात्रीच्या वेळी, कोणत्याही हिशेबात न धरलेल्या तासांत करीत आहेत आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांच्या वर्गातील मुले मागे राहत आहेत. या मुलांनी किंमत मोजायची की समाजाने, एवढाच खरा प्रश्न आहे. किंमत कोणाला तरी मोजावी लागणारच. ती समाजाने उघडपणे मोजली तर कमी पडेल.