बेडकांची बाजू नव्हे, जवानाच्या घराची

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत एक निवृत्त सुभेदार तावातावाने म्हणाले, "जवान बर्फात उभा राहतो आणि तुम्ही त्याच्या बायकापोरांच्या घराला बेडूक आडवे घालता?" टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. सुभेदार काकांचा मान मोठा, शिवाय दर महिन्याला पेन्शनसाठी ते माझ्याच काउंटरवर येतात. पण तेव्हा गिळलेले आज लिहितो.

जवानाचा कळवळा बेळगावकरांना कोणी शिकवायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. लग्न झालेल्या जवानाला क्वार्टरसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागते, हे आपण घरोघरी पाहिले आहे. म्हणूनच केंद्राने २००२ च्या सुमारास सैन्यासाठी जवळपास दोन लाख घरांची योजना आखली. घरे हवीतच. प्रश्न आहे जागेचा. तळ्याच्या, खाडीच्या, पाणथळीच्या कडेला ती बांधायची असतील तर आधी पाण्याचा हिशेब कोण मांडणार?

कायदा काय म्हणतो ते बघा. पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना २००६ ची. तिने २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना मंजुरी सक्तीची केली, पण दीड लाख चौरस मीटरच्या आतल्या इमारतींकडे पूर्ण अहवाल मागितलाच नाही. अर्जदाराने स्वतः भरलेले नमुने आणि आराखडा, एवढ्यावर काम. आमच्या बँकेत पन्नास हजारांच्या कर्जाला जामीनदार आणा म्हणतात, इथे कर्जदार स्वतःच स्वतःचा जामीन! शिवाय इमारती आणि वसाहतींना जनसुनावणी माफ. संरक्षणविषयक प्रकल्पांना ती वेगळ्या कलमाने पुन्हा माफ. तोफखाना, दारूगोळा यांची गुप्तता समजते. पण पाळणा, गॅस सिलिंडर आणि शाळेची बस यांत गुप्त ते काय? सुनावणी नाही म्हणून गावकऱ्यांच्या भाषेतला सारांशही नाही. पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते हे ज्या शेतकऱ्याला पाठ आहे, त्याला कोणी विचारतच नाही.

आपल्याकडे बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये तर शहराचीही दैना झाली. पाणी साठवणारी खोलगट जमीन भरावाने उंच केली की ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते, एवढे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी कायम बांधकामाला पुराच्या सरासरी उच्च पातळीपासून ५० मीटरपर्यंत मनाई केली खरी, पण पाणथळीच्या व्याख्येतून भातशेती वगळली. म्हणजे आपले भाताचे शिवार या नियमांच्या लेखी कोरडेच!

"सैन्याचे काम आहे, नीटच असणार," असेही काका म्हणाले. कोचीच्या सिल्व्हर सँड बेटावर, बॅकवॉटरशेजारी, सैन्याच्याच गृहनिर्माण संस्थेने सैनिक कुटुंबांसाठी 'चंदर कुंज' उभारले. घरे २०१८ मध्ये ताब्यात मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यातले दोन मनोरे, २०८ घरे, पाडून पुन्हा बांधायचा आदेश दिला. दोष बांधकामाचा होता, पाणथळीचा नव्हे, हे मान्य. पण सैन्याचे नाव लागले की तपासणी आपोआप होते, हा भ्रम तरी जावा. त्याच कोचीलगत मरडूला किनारा नियमन मोडणारी चार गृहसंकुले जानेवारी २०२० मध्ये सुरुंगाने पाडली. राहणाऱ्यांनी परवानग्या थोड्याच दिल्या होत्या? आणि इमारत पडली म्हणून कर्जाचा हप्ता पडत नाही, हे मी काउंटरच्या या बाजूने सांगतो.

मुंबईच्या आदर्शची कथा वाचकांना ठाऊक आहेच. ३१ मजले उभे राहिले, पुढे नाव कारगिलच्या वीरांचे. प्रत्यक्षात ती जमीन त्यांच्यासाठी राखीवच नव्हती, असा चौकशी आयोगाचा निष्कर्ष. किनारा नियमनाची मंजुरी नाही म्हणून पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०११ मध्ये पाडण्याचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये तेच सांगितले, मग सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. या सगळ्यात जवानाला काय मिळाले? फुकटची बदनामी.

अमेरिकेचे आपल्याला कौतुक, म्हणून सांगतो. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आदेश काढला: पाणथळीत बांधायचे तर दुसरा व्यवहार्य पर्याय नाही, असे सरकारी खात्याने आधी ठरवावे आणि लोकांना योजना आधी पाहू द्यावी. त्यातून तिथले सैन्यही सुटले नाही. म्हणून त्यांचे सैन्य दुबळे झाले काय?

परवा सुभेदार काका मुलासाठी एका गृहयोजनेचे माहितीपत्रक घेऊन आले. मुलगा नोकरीत आहे, फ्लॅट 'तळ्याच्या दर्शनाचा'. कर्ज किती मिळेल, असे विचारत होते. मी विचारले, "काका, पर्यावरण मंजुरीचा कागद आहे? पुराची पातळी कुठवर येते?" ते म्हणाले, "ते कुणी दाखवलं नाही बघा."

मंडळाने पुढच्या बैठकीत हाच ठराव घ्यावा. आपल्या भागात पाण्याकाठी सैनिकांची घरे प्रस्तावित झाली तर मंजुरीची कागदपत्रे, पर्यायी जागेची नोंद आणि पुराच्या पातळीचा नकाशा मराठी व कन्नडमध्ये ग्रामपंचायतीत लावण्याची लेखी मागणी करायची. ठराव मी मांडतो. अनुमोदन सुभेदार काकांनी द्यावे.