घास भरवणारे यंत्र निलंग्यातही हवे

गोव्यात फोंडा तालुक्यातील एका रोजंदारी कामगाराने 2022 मध्ये आपल्या दिव्यांग मुलीसाठी घास भरवणारा यंत्रमानव बनवला. मुलीला हात उचलता येत नव्हते, भरवणारी आई अंथरुणाला खिळली, आणि बापाला काम सोडून घरी धावावे लागे. बाजारात असे यंत्र मिळेना, तेव्हा तो स्वतःच सॉफ्टवेअर शिकला. मुलगी हवा तो पदार्थ बोलून सांगते आणि यंत्र तो तिच्या तोंडापाशी नेते. त्याचे नाव ‘माँ रोबोट’. गोवा राज्य नवोन्मेष परिषदेने त्याला पाठबळ दिले.

लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्याला या यंत्राचे मोल वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती अंगावर कोसळून मणके मोडलेली माणसे या भागाने पाहिली. त्यांना कुशीवर वळवणारे, भरवणारे हात बहुधा घरातल्या बाईचेच असतात. तिची बुडालेली मजुरी कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

सरकारी शिबिरांत तीनचाकी, व्हीलचेअर, कुबड्या मिळतात. ज्याचे हात चालतात त्याला त्यांचा मोठा आधार आहे. पण ज्याचे मानेखाली काहीच हलत नाही, त्याने काय करायचे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे; गावात मात्र तिचा मागमूस नाही.

अमेरिकेत हेन्री इव्हान्स यांना पक्षाघाताने जखडले होते. 2011 च्या सुमारास त्यांनी यंत्रमानवाकरवी स्वतःचा गाल खाजवला, दाढी केली. त्या यंत्राची किंमत सुमारे चार लाख डॉलर होती. ते आपल्या आवाक्यातले नाही. फोंड्याचे मात्र आहे, कारण ते मजुराच्या घरात, मजुराच्या गरजेतून घडले.

आपल्याकडे त्याला कालवणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी उचलता आली पाहिजे, इथली बोली कळली पाहिजे आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालता आले पाहिजे. बिघडले तर पुण्याला न्यावे लागू नये. हे काम लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनाने अंगावर घ्यावे. हरंगुळच्या ‘संवेदना’ केंद्रात सेरेब्रल पाल्सीची मुले आहेत. पालकांच्या संमतीने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पहिली चाचणी तिथे व्हावी. खर्चासाठी नगरपालिका आणि ग्रामपंचायतींचा दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधी आहेच. तो दरवर्षी किरकोळ वाटपात संपवण्याऐवजी निलंगा नगरपालिकेने त्यातला काही भाग येत्या अंदाजपत्रकात या यंत्रासाठी आणि त्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा.