कुलाब्याचे स्टेशन कोणी उठवले?

माझ्या एका कादंबरीतला कारकून १९२९ साली विजेच्या गाडीतून कुलाब्याला उतरतो. पुस्तक बाहेर पडल्यावर एका विद्वान गृहस्थांनी पत्र धाडले : 'मास्तर, कुलाब्याला स्टेशन नाही. आधी मुंबई पाहावी, मग लिहावे.' मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला असल्या पत्रांची सवय असते. पण माझा कारकून बरोबर ठिकाणीच उतरला होता! गंमत ही की, पदवीधरांच्या मुंबईतूनही एक सबंध स्टेशन पुसले गेले आहे.

बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला आली. पुढे काही वर्षांतच रूळ कुलाब्याला भिडले. त्या काळी कापसाचा बाजार तिथे होता. गाठी गाडीतून उतरायच्या आणि बोटीत चढायच्या. कापूस नंतर शिवडीकडे गेला, पण माणसे राहिली. १८९६ साली कुलाब्याला नवी ऐसपैस इमारत उभी राहिली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. आणि ३१ डिसेंबर १९३० च्या रात्री स्टेशनला कायमचे कुलूप!

'काळाच्या ओघात बंद पडले,' असे जाणते लोक सांगतात. मला हे वाक्य मुळीच मान्य नाही. ज्या मार्गावर वीज येऊन तीन वर्षेही झाली नाहीत, तो काय म्हातारपणाने मेला? सरकारला बॅकबेतला समुद्र हटवून जमीन काढायची होती आणि रेल्वेची पट्टी त्या बेताच्या आड येत होती. लांबच्या गाड्यांसाठी १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रल उघडले आणि तेरा दिवसांत कुलाब्याचा निकाल लागला. लोकलवाल्यांना चर्चगेटला उतरवून दिले. पुढचे पुढे पाहा!

बरे, ती योजना तरी धड होती? मूळ बेत हजारावर एकरांचा. हाती आली त्याच्या निम्म्याहूनही कमी जमीन. तिला 'गव्हर्नर लॉइडचा वेडेपणा' म्हटले गेले. वकील नरिमन यांनी तिच्यातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर मांडला, तेव्हा हार्वे नावाच्या इंजिनियराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. पुढे त्याच बॅकबेतल्या भरावाला आपण त्यांचेच नाव दिले, याला काय म्हणावे!

कोणी म्हणेल, त्या भरावानेच मरीन ड्राइव्ह दिला. दिला खरा, आणि मलाही तो आवडतो. पण गिरगावकरांनी संध्याकाळी वारा खावा म्हणून कुलाब्याच्या कारकुनाने डबा घेऊन जन्मभर पायपीट करावी, हा कुठला न्याय? चर्चगेटबाहेर टॅक्सीसाठी आणि बससाठी पिढ्यान्‌पिढ्या ज्या रांगा लागल्या, त्यांचा हिशेब कोणत्या फाइलीत आहे?

आज त्या जागी बधवार पार्क आहे, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. स्टेशन गेले, साहेबांची घरे राहिली! नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेकी शेजारच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले, तेव्हा हे नाव देशभर झाले. पण तिथे कधी फलाट होता, हे तेव्हाही फारसे कोणी बोलले नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली. आरेपासूनच्या त्या सबंध मार्गाला सुमारे सदतीस हजार कोटी रुपये लागले. मेट्रोला माझा विरोध नाही. मीही तिच्यात बसेन. पण 'दक्षिण टोकाला प्रथमच रेल्वे' असे कोणी म्हणाले, तर मात्र मी भर सभेत उठून उभा राहणार आहे.

माझी मागणी मोठी नाही. बधवार पार्कच्या फाटकाशी एक दगडी पाटी लावा, मराठीत. तिच्यावर तारखा घाला, आणि स्टेशन कशासाठी उठवले तेही स्पष्ट लिहा. 'काळाच्या ओघात' हे शब्द तेवढे नकोत.