अवघड जागेचे दुखणे

आपल्या म्हणी ज्यांनी रचल्या ती माणसे मोठी मिस्कील असली पाहिजेत. ‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण वर्गात शिकवू लागलो की मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि पुढच्या बाकांवरच्या मुली वहीत डोके खुपसतात. पण हाच विनोद घरात शिरला म्हणजे कोणाला हसू येत नाही. आजोबांच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा वर्षभर येत-जात असतो. ते धोतराच्या निऱ्या जरा अधिक सैल सोडतात आणि गप्प बसतात. आजी विचारते, तर ‘अवधाण आले असेल, पायाला काही लागले असेल’ असे उत्तर मिळते. एखादी गोष्ट ‘पोटात ठेवणे’ हा आपल्याकडे गुण समजतात. येथे मात्र पोटातलेच बाहेर येऊ पाहत असते, आणि तेच नेमके आपण कोणाला सांगत नाही!

या विकाराला इंग्रजीत हर्निया म्हणतात. मराठीत त्याला ‘अंतर्गळ’ असा नेटका शब्द आहे. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा अंत्रवृद्धी. ओझे उचलणे, बलवंताशी झुंजणे, झाडावरून पडणे ही त्याची कारणे. दाबली असता ती आवाज करीत वर जाते आणि सोडली की पुन्हा खाली येते, इतके बारीक निरीक्षण त्या प्राचीन शस्त्रवैद्याने नोंदवले आहे. पोटाच्या भिंतीत जांघेपाशी एक तिरकी वाट असते. जन्माआधी मुलाचे वृषण पोटातून खाली उतरतात ते याच वाटेने. ही वाट सैल राहिली, की पोटाच्या अस्तराची पिशवी तिच्यातून बाहेर डोकावते आणि बहुधा आतड्याचे वेटोळे तिच्यात येऊन बसते.

बहुधा म्हटले, कारण कधी कधी त्या पिशवीत भलताच पाहुणा सापडतो. तो म्हणजे आंत्रपुच्छ, आपण ज्याला अपेंडिक्स म्हणतो ते. शंभर अंतर्गळांत फार तर एखाद्यात ते असते, आणि त्या पिशवीत सुजलेले आंत्रपुच्छ सापडणे तर त्याहून कितीतरी दुर्मिळ. या प्रकाराला ‘अमियांडचा हर्निया’ असे नाव आहे, आणि त्या नावामागची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

क्लॉडियस अमियांड हा राजा दुसरा जॉर्ज याचा शस्त्रवैद्य. १७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्याच्यापुढे हॅनव्हिल अँडरसन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. उजव्या जांघेतून अंडकोशात उतरलेला अंतर्गळ, आणि त्याच बाजूला वाहणारी एक जखम, जिच्यातून मळ येई. डिसेंबरात अमियांडने शस्त्र हाती घेतले. पिशवी उघडून पाहतो तो आत आंत्रपुच्छ, आणि त्याला भोक पाडून बसलेली एक टाचणी! पोराने ती केव्हातरी गिळली होती आणि तिच्यावर खड्यासारखी पुटे चढली होती. अमियांडने आंत्रपुच्छाला गाठ मारली, ते कापून काढले आणि जखम निस्तरली. या कामाला सुमारे अर्धा तास लागला. वाचकहो, भूल देण्यासाठी ईथर वापरल्याचा बोस्टनमधला प्रसिद्ध प्रयोग १८४६ सालचा. म्हणजे तो अर्धा तास त्या पोराने जागेपणी काढला! त्याने मोठे धैर्य दाखवले, असे खुद्द अमियांडनेच लिहून ठेवले आहे. महिन्याभराने मुलगा पट्टा बांधून घरी गेला. आंत्रपुच्छ काढून रोगी जगल्याची ही पहिली नोंद मानतात.

या प्रकाराची एक धाकटी बहीणही आहे. जांघेच्या खालच्या अंगाला, मांडीच्या मुळाशी दुसरी एक अरुंद वाट असते. तेथल्या अंतर्गळात आंत्रपुच्छ असल्याचे पॅरिसच्या द गारांजो या शस्त्रवैद्याने १७३१ मध्येच लिहिले होते. मांडीच्या मुळाशी होणारा अंतर्गळ बायकांत अधिक आढळतो, आणि वाट अरुंद असल्यामुळे तो आवळला जाण्याचा धोकाही अधिक.

आता प्रश्न असा, की हा छुपा पाहुणा ओळखायचा कसा? खरे सांगायचे तर पुष्कळदा तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ओळखू येतो. एरवी आत जाणारा फुगवटा एकाएकी टणक होतो, लाल होतो, हात लावू देत नाही आणि आत सरकत नाही. साहजिकच आतडे आवळले गेले असावे असा संशय येतो. पण आतडे अडले तर पोट फुगते, उलट्या होतात, शौच बंद होते. आंत्रपुच्छ एकटेच अडकले असेल तर ही लक्षणे दिसतीलच असे नाही. आजकाल सोनोग्राफीने, आणि त्याहून सीटी स्कॅनने, ते आधीच दिसू शकते.

उपचार ठरतो तो पिशवीत काय सापडते त्यावरून. २००७ साली लोसानॉफ आणि बॅसन यांनी याचे चार प्रकार मांडले. आंत्रपुच्छ निरोगी असेल तर बहुधा ते परत पोटात सारून भिंतीला जाळी लावतात. तरुण माणसात ते काढावे की ठेवावे, यावर शस्त्रवैद्यांत मतभेद आहेत. ते सुजलेले असेल तर त्याच छेदातून काढतात आणि जाळी टाळून भिंत टाक्यांनी शिवतात, कारण पू असलेल्या जागी परकी वस्तू ठेवली तर तीच सडण्याचे निमित्त होते. पू पोटात पसरला असेल तर पोटच उघडावे लागते. आणि चौथ्या प्रकारात पोटात आणखी काही वेगळाच आजार निघतो, त्याचाही समाचार घ्यावा लागतो.

हे सारे शस्त्रवैद्याने जाणायचे. घरच्यांनी जाणायचे ते थोडकेच आहे. येणारा-जाणारा फुगवटा दुखत नसला तरी एकदा दाखवून घ्यावा. तो टणक होऊन दुखू लागला तर चोळू नये, शेकू नये, जोर करून आत ढकलू नये. रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठावे. अशा वेळी घरगुती उपायांत गेलेले चार तास फार महाग पडतात.

दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या निमित्ताने घराघरांत अंगाला तेलाचा हात लागतो. लहानग्याच्या जांघेत रडताना काही फुगलेले दिसले, किंवा आजोबा तेवढ्यापुरता पंचा आवळून धरताना दिसले, तर लाजून गप्प बसू नका. जावई वैद्य असेल तर त्यालाच गाठा. फराळाचे ताट पुढे करून विचारलेल्या प्रश्नाला तो नाही म्हणणार नाही.