श्यामची मोळी आणि काळारामाचा दरवाजा

साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली ती ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, नाशिकच्या तुरुंगात. १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत तिचा बहुतेक भाग लिहून झाला होता. पाच दिवसांत कागदावर उतरलेल्या या पुस्तकाने पुढे मराठी मुलांच्या चार पिढ्या घडविल्या. त्याचा जन्म नाशिकचा, याचा अभिमान समाजवादी चळवळीतील प्रत्येकास वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु त्याच वर्षांत, त्याच शहरातील पंचवटीत आणखी एक कथा घडत होती. ती मात्र मुलांच्या हाती तितक्या सहजपणे कधीच पडली नाही.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार अस्पृश्यांची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया अशी पहिली तुकडी दरवाजांशी जाऊन बसली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी संघटित केलेला हा लढा थांबत, पुन्हा उसळत चार वर्षांहून अधिक काळ चालला. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. हा इतिहास मोठ्यांना ठाऊक आहे. मात्र त्याच्या पाठोपाठ जे घडले त्याकडे मोठ्यांचेही लक्ष फारसे जात नाही. धनंजय कीर यांनी आपल्या आंबेडकर-चरित्रात नोंदविले आहे की, या संघर्षानंतर अस्पृश्यांच्या मुलांना शाळांचे दरवाजे बंद झाले, त्यांना रस्ते अडविण्यात आले आणि दुकानदारांनी त्यांना जिन्नस देणे नाकारले. म्हणजे सत्याग्रहाला बसले बाप आणि आया, परंतु किंमत मोजली मुलांनीही. आठ-दहा वर्षांच्या ज्या मुलास पाटी-दप्तरासह घरी पाठविले गेले, त्याला त्या रात्री आपल्या आईस काय विचारावेसे वाटले असेल? मराठी बालवाङ्मयाने हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेला नाही.

'श्यामची आई'तही अस्पृश्यतेचा प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी पडते आणि आई श्यामला ती उचलून तिच्या डोक्यावर द्यावयास सांगते. लोक नावे ठेवतील, असे भय श्यामला वाटते. त्यांना सांग की मी घरी जाऊन आंघोळ करीन, असा मार्ग आई काढून देते. गुरुजींनी ही आंघोळ लपविली नाही, यातच त्यांचा मोठेपणा आहे. त्या काळच्या कोकणी ब्राह्मण घरातील एक सात्त्विक स्त्री किती दूरवर येऊ शकत होती आणि कोठे थांबत होती, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. परंतु या प्रसंगात म्हातारीला मन आहे का, ती घरी गेल्यावर आपल्या नातवाला काय सांगते, हे वाचणाऱ्या मुलास कळत नाही. करुणा श्यामची, संकोच श्यामचा आणि आंघोळही श्यामचीच. तिकडे पंचवटीत त्या म्हातारीच्याच समाजातील स्त्रिया कोणी मोळी उचलून देण्याची वाट न पाहता दरवाजाशी जाऊन बसल्या होत्या.

गुरुजी स्वतः त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. मोळीपासून पंढरपूरपर्यंतचा हा प्रवास त्यांच्या चरित्रात आहे. घरोघरी असलेल्या पुस्तकात नाही. आणि चळवळीने, खेदाने म्हणावे लागते, पुस्तकाच्या आवृत्त्यांवर समाधान मानले.

नंतरच्या बालसाहित्यानेही ही वाट फारशी रुंदावली नाही. ताम्हनकरांचा गोट्या गुणी आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धाडसी आहे. त्याला चोर सापडतात, लबाड सापडतात. परंतु अन्याय करणारा गावातलाच प्रतिष्ठित माणूस असेल आणि कायदाही त्याच्याच बाजूस उभा असेल, तर एकट्या पोराची सायकल पुरी पडत नाही. तेथे दहा जणांनी एकत्र बसावे लागते, ठराव करावा लागतो, हरावेही लागते. हा अनुभव मराठी मुलास कथेतून क्वचितच मिळतो. नाशिकजवळच्या विहितगावात १९३० सालीच जन्मलेल्या बाबुराव बागूल यांनी तो लिहिला, पण प्रौढांसाठी.

मुलांच्या गोष्टीत राजकारण आले की प्रचार होतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. घोषणा देणारा बालनायक मुलांना दोन पानांत कंटाळवाणा वाटतो, आणि पुरोगामी प्रकाशनांनी असे नायक काही कमी निर्माण केलेले नाहीत! परंतु राजकारण वगळणे हेही राजकारणच असते. जान्नी रोदारी या इटालियन कम्युनिस्ट लेखकाने १९५१ साली 'चिपोलिनो' लिहिले. त्यात लिंबू-राजाच्या जुलमाविरुद्ध उभा राहतो तो एक कांद्याचा पोर, आणि मुले पोट धरून हसतात. लासलगावची बाजारपेठ ज्या जिल्ह्यात आहे, जेथे १९८० साली कांदा आणि उसाच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर व रुळांवर उतरले, तेथे कांद्याची गोष्ट इटलीहून यावी, याची मौज वाटावी की लाज?

कथांची टंचाई मुळीच नाही. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून पार केला, कारण सकाळी मुंबईच्या मुलांची बोर्डाची परीक्षा होती. सुरगाणा-पेठकडील कोणा आजोबांच्या पायाला फोड आले आणि शहरातील एक मुलगी वेळेवर पेपरला पोहोचली. या दोघांची गोष्ट लिहिण्यास कल्पनाशक्तीवर फार ताण पडू नये.

२ मार्च २०३० रोजी काळाराम सत्याग्रहास शंभर वर्षे होतील. त्या दिवशी भाषणे होतील, विशेषांक निघतील. तोवर सेवादलाच्या शाखांत, पक्षाच्या वाचनालयांत मुलांच्या हाती काय द्यावयाचे, याचा विचार आजच सुरू झाला पाहिजे. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत, मोठ्यांचे दस्तऐवज उपलब्ध आहेत. नाहीत त्या मुलांच्या आठवणी. शाळेतून घालविलेल्या त्या मुलांपैकी कोणी हयात असलेच तर ते शंभरीच्या घरात असतील. परंतु त्यांनी सांगितलेले ऐकलेली नातवंडे निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवल्यात आहेत. कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे. आजी कोणत्या दरवाजाशी बसली होती, भाकरी कोण पोहोचवीत असे, वाण्याने मीठ नाकारले तेव्हा ते कोठून आणले, आणि शाळा सुटली ती पुन्हा कधी सुरू झाली, एवढे तरी विचारून घ्यावे.